सातबाऱ्यावरचा शेतकरी आणि शेतातला शेतकरी
हिंगोली जिल्ह्यातील सरकारी शेती अनुदानांचा आढावा

सरकार शेतकऱ्याला किती देते, या प्रश्नाला हिंगोलीत दोन ठरलेली उत्तरे मिळतात. शहरातला नोकरदार म्हणतो, “त्यांना काय, सगळे फुकट आहे.” गावातला शेतकरी म्हणतो, “कागद करून करून चपला झिजल्या, हाती काही लागले नाही.” दोघांचेही सगळे खरे नाही. पैसा येतो आणि तो बराच येतो. पण तो कोणाच्या नावावर येतो, कधी येतो आणि कशाच्या पुराव्यावर येतो, हे पाहिल्याशिवाय त्याचा हिशेब लागत नाही.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा: हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, त्यातले शंभरातले पंच्याऐंशी लोक खेड्यात राहणारे. मोठी कारखानदारी नाही. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा आणि हळद ही पिके. बरीचशी शेती पावसावर. अशा जिल्ह्यात शेतकऱ्याच्या खात्यावर येणारी रक्कम बाजारपेठेतल्या किराणा दुकानापर्यंत जाणवते.

दर चार महिन्यांचे दोन हजार

सर्वांत ओळखीचा पैसा पीएम-किसानचा. फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झालेली ही योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरण्यात आली. वर्षाला ६ हजार, तीन हप्त्यांत. सुरुवातीला दोन हेक्टरांची अट होती, ती त्याच वर्षी जूनमध्ये निघाली. पुढे राज्याने मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर केला आणि त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये शिर्डीतून सुटला. केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा मिळून बारा हजार झाले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, पोहरादेवीच्या दौऱ्यात पंतप्रधानांनी दोन्ही योजनांचे हप्ते एकदमच सोडले.

पीएम-किसानचा गुण म्हणजे तिला मध्यस्थ नाही आणि ती पिकाला बांधलेली नाही. बियाण्याची पिशवी, पोराची फी, दवाखाना, जिथे नड असेल तिथे पैसा लागतो. मात्र तिच्या नियमांत एक तारीख दडलेली आहे. १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन ज्याच्या नावावर होती, तोच पात्र. त्यानंतर मृत्यूमुळे वारसाने आलेली जमीन चालते, खरेदीची किंवा वाटणीची चालत नाही. बाप हयात असताना २०२१ मध्ये तीन भावांनी वाटणी करून फेरफार ओढला, तर तिन्ही चुली वेगळ्या होतात, तिघांचे सातबारे वेगळे होतात, पण तिघांपैकी एकालाही सन्मान निधी मिळत नाही. गावात याला तोड नाही, कारण नियम दिल्लीचा आहे आणि तलाठ्याच्या हातात काही नाही.

दुसरी अडचण आधारची. पैसा खाते क्रमांकावर जात नाही, आधारला शेवटचे जोडलेले जे खाते असेल त्यात जातो. सिमकार्ड घेताना कुणीतरी मोबाइलवर उघडून दिलेले पेमेंट बँकेचे खाते असले, तर हप्ता तिकडे पडतो आणि शेतकरी जिल्हा बँकेत पासबुक भरून भरून थकतो. पैसा बुडालेला नसतो, पण तो कुठे आहे हे सांगणारे कुणी नसते.

याच जोडीला एक फारशी चर्चा न झालेली रक्कम आहे. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना स्वस्त धान्य मिळत असे. २०२३ पासून धान्य बंद होऊन माणशी महिना १५० रुपये सुरू झाले, पुढे ते १७० झाले. पाच माणसांच्या घराला महिन्याला ८५० रुपये. पैसे कुटुंबप्रमुख म्हणून बाईच्या खात्यावर जातात, ही यातली चांगली गोष्ट. पण दुकानातल्या गव्हा-तांदळाचा भाव वाढला म्हणून ही रक्कम आपोआप वाढत नाही.

अतिवृष्टीचे अनुदान: यादीपासून खात्यापर्यंत

हिंगोलीत “अनुदान” म्हटले की बहुतेकांच्या मनात येते ते अतिवृष्टीचे. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत शिरले. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्याच दिवसांत जिल्हाभर पाऊस कोसळला आणि कयाधू नदीने काठची पिके नेली. २०२५ चा पावसाळा तर सगळ्या मराठवाड्याला भोवला.

मदतीचे गणित असे चालते. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. पंचनाम्यात ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान दिसले की शेतकरी पात्र. केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषाने जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७ हजार, बहुवार्षिक पिकांना २२,५००, दोन हेक्टरांपर्यंत. राज्याने २०२२ मध्ये यात स्वतःची भर घालून जिरायतीचा दर १३,६०० केला आणि मर्यादा तीन हेक्टर केली. मे २०२५ च्या शासन निर्णयाने पुन्हा जुने दर आणि जुनी मर्यादा आली. मग सप्टेंबरचा पूर आला, ओरड झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली, रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १० हजार वेगळे ठरले, आणि खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख व रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामे अशी तरतूद झाली.

या चढउतारात शेतकऱ्याला आधी काहीच कळत नाही. ८,५०० हेक्टरी म्हणजे एकराला ३,४०० रुपये. सोयाबीनच्या सोंगणीची मजुरीच अनेक ठिकाणी याच्या पुढे जाते. तीन वर्षांत दर वरखाली होत राहिले, आणि बदल कोणत्याही खर्चाच्या निर्देशांकाला बांधलेला नव्हता. ओरड किती झाली आणि निवडणूक किती जवळ आहे, यावर तो अवलंबून राहिला.

पैसा खात्यावर येण्याची वाट जवळून पाहण्यासारखी आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. त्यावरून तलाठी यादी संगणकावर चढवतो. प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक पडतो, गावात त्याला सरळ “व्हीके नंबर” म्हणतात. क्रमांकांची यादी ग्रामपंचायतीत किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर येते. ती मिळाली की शेतकरी आधारकार्ड, पासबुक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जातो. केंद्रचालक क्रमांक टाकतो, पडद्यावर नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र आणि रक्कम येते, आणि मग मशीनवर अंगठा. इथे रांग अडते. निंदणी-खुरपणी आणि सोंगणी करून रेषा झिजलेल्या बोटाला मशीन दाद देत नाही. हात धुऊन, पुसून, दुसरे बोट लावून पाहतात. म्हाताऱ्या माणसाला “उद्या सकाळी या, सर्व्हर हलका असतो” असे सांगून परत पाठवतात. यादीत ०.४० हेक्टरऐवजी ०.०४ पडले असेल, तर अंगठा लागूनही हाती येतो तो रकमेचा दहावा हिस्सा, आणि दुरुस्तीसाठी गाडी पुन्हा तहसीलकडे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक काढलेल्यांना या ई-केवायसीतून सूट मिळाली, ती योग्यच झाली.

सामायिक खात्याची गोष्ट वेगळीच. सातबाऱ्यावर चार भावांची आणि दोन बहिणींची नावे असली, तर एकाच्या खात्यावर पैसे घ्यायला बाकीच्यांची संमती लागते. बहीण सासरी पुण्यात, एक भाऊ ऊसतोडीला. संमतीपत्र होईपर्यंत हंगाम निघून जातो.

याद्यांत खोटेपणाही शिरतो. २०२५ मध्ये मराठवाड्यातल्याच जालना जिल्ह्यात अतिवृष्टी अनुदानाच्या याद्यांत बोगस नावे घुसवल्याचे उघड झाले आणि तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. ज्याच्या नावावर गुंठाभर शेत नाही त्याला अनुदान, आणि ज्याचे शेत खरडून गेले तो दुरुस्तीच्या रांगेत. यादी फक्त संगणकात राहिली, चावडीवर वाचली गेली नाही, की हे सहज जमते.

एक रुपयाचा विमा आणि त्यानंतर

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने एक रुपयात पीकविमा जाहीर केला. शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता सरकारने उचलला. त्या खरिपात राज्यभरातून पावणेदोन कोटींच्या घरात अर्ज आले. अर्ज भरणाऱ्या सामाईक सेवा केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळत. जितके अर्ज तितकी कमाई, आणि शेतकऱ्याचा खर्च एक रुपया. सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, पीक नसलेल्या गटांवर विमे उतरले. मग बोगस अर्ज लाखोंनी रद्द झाले आणि खरीप २०२५ पासून योजनाच बदलली. आता शेतकऱ्याने खरिपाला संरक्षित रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला पाच टक्के भरायचे. सोयाबीनची संरक्षित रक्कम हेक्टरी ५८ हजार धरली, तर ११६० रुपये.

हप्ता पुन्हा सुरू झाला, हे शेतकऱ्याने एकवेळ मान्य केले असते. मोठा बदल दुसराच आहे. पूर्वी पेरणीच न होणे, हंगामाच्या मध्यात पावसाचा खंड पडणे, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान या चार कारणांवर भरपाई मिळू शकत होती. पावसाचा २१ दिवसांचा खंड पडला आणि अपेक्षित उत्पादन निम्म्याखाली गेले, तर २५ टक्के अग्रिम मिळत असे. शेतात पाणी साचले तर ७२ तासांत तक्रार करता येत असे. २०२५ मध्ये ही सगळी कारणे राज्याने वगळली. उरला तो फक्त पीक कापणी प्रयोग. मंडळातल्या निवडक शेतांत कापणी करून सरासरी काढायची, उपग्रहाच्या अंदाजाचे वजन त्यात मिसळायचे आणि ती उंबरठा उत्पादनाशी तोलायची. हा उंबरठा म्हणजे गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी आणि तिचे ७० टक्के. मराठवाड्यात दुष्काळाची आणि पुराची वर्षे एकामागे एक येत राहिली, म्हणून ती सरासरीच खाली बसलेली आहे. मंडळाच्या पातळीवर हिशेब असल्याने ज्याचे शेत ओढ्याने नेले आणि शेजारच्या गावाचे तरले, त्याला काहीच नाही.

हळद योजनांच्या बाहेर

या जिल्ह्याची खरी ओळख हळदीची. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीची मोठी आवक होते, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हळद संशोधन केंद्र आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय हळद मंडळ तेलंगणातल्या निजामाबादला सुरू झाले. गौरवाला कमी नाही.

पण पैशाचा हिशेब मांडला तर हळद उत्पादक सर्वांत उघडा आहे. हळदीला हमीभाव नाही. राज्याच्या खरीप पीकविम्याच्या अधिसूचित पिकांत ती नाही. खरीप २०२३ च्या भावाच्या घसरणीपोटी राज्याने हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरांपर्यंत मदत दिली, ती सोयाबीन आणि कापसाला. बेणे, सरी-वरंबे, ठिबक, खते, मग काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश असा या पिकाचा एकरी खर्च सोयाबीनच्या कितीतरी पट. नऊ महिने जमीन अडकते. सडीने कंद गेला तर नुकसान पूर्ण शेतकऱ्याचे. हळदीला सरकारी हात लागतो तो ठिबकपुरता. केंद्राचे आणि मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेचे मिळून अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० आणि इतरांना ७५ टक्के. तेही आधी स्वतःचे पैसे घालून, बिल जोडून, मोका तपासणी होऊन, मग कधीतरी.

कर्जमाफी: तीन वेळा आणि चौथीची वाट

२००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना. २००८ मध्ये दोन हेक्टरांची रेघ, २०१७ मध्ये दीड लाखाची, २०१९ मध्ये दोन लाखांची. दर वेळी रेघेच्या अलीकडचा सुटला आणि पलीकडचा अडकला. नियमित भरणाऱ्याला आधी २५ हजारांपर्यंत आणि मग ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झाले, पण तोपर्यंत गावाने धडा घेतला होता: थकवलेले बरे.

हिंगोलीत या वाट पाहण्याची किंमत उघड दिसली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी कर्ज फेडायला आपले अवयव विकत घ्या, असे निवेदन सरकारला दिले आणि ते मुंबईला निघाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरातल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर सरकारने कर्जमाफीच्या निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख दिली. तारीख जाहीर होताच वसुली थंडावली. परभणी आणि हिंगोली या दोन्ही जिल्ह्यांना मिळून असलेली परभणीची जिल्हा मध्यवर्ती बँक असो की राष्ट्रीयीकृत बँक, थकबाकीदाराला नवे पीककर्ज मिळत नाही. मग तो खासगी सावकाराकडे जातो. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वेळेत फेडल्यास व्याज शून्य ठेवणारी पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, पण थकबाकीदाराला तिचा उपयोग नाही.

जो कसतो तो कुठेच नाही

वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक योजनेचा पाया सातबारा आहे. ऑगस्ट २०२१ पासूनची ई-पीक पाहणी, एप्रिल २०२५ पासून सक्तीचा झालेला शेतकरी ओळख क्रमांक, सगळे त्याच पायावर उभे. पण हिंगोलीत किती शेती बटईने, ठोक्याने केली जाते हे कुणालाही विचारा. मालक छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला नोकरीत, बियाणे-खत बटईदाराचे, राबणे बटईदाराचे, आणि अनुदान मालकाच्या खात्यावर. काही मालक ते आणून देतात, काही देत नाहीत. मागण्याचा हक्क मात्र बटईदाराला नाही.

त्याला लेखी करार का मिळत नाही, याचे कारण १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यापर्यंत जाते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. कुळाचे नाव एकदा कागदावर लागले की जमीन जाईल, ही भीती मालकाच्या मनातून अजून गेलेली नाही. ज्या कायद्याने कसणाऱ्याला राखायचे ठरवले, त्याच्याच धाकाने आजचा कसणारा तोंडी व्यवहारात राहिला.

बायकांची स्थिती याच जातीची. शेतातले निम्म्याहून जास्त काम त्यांचे, सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. नवऱ्याने आत्महत्या केली, तर २००५ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाखाची मदत आहे, पण जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, हे समितीपुढे सिद्ध व्हावे लागते. बटईची शेती आणि विनापरवाना सावकाराचे कर्ज, या दोन्हींत ती अपात्र ठरते. कळमनुरी, औंढा भागातल्या आंध आदिवासींपैकी ज्यांना वनहक्काचे पट्टे मिळाले ते पीएम-किसानला पात्र आहेत. ज्यांचे दावे पडून आहेत त्यांची पेरणी कुठल्याच नोंदीत नाही.

इतरांनी काय केले

तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू योजनेत एकरामागे हंगामाला चार हजार दिले. मोठ्या जमीनदाराला जास्त गेले आणि बटईदार बाहेर राहिला. ओडिशाच्या कालिया योजनेने भूमिहीन आणि वाटेकऱ्यांनाही आत घेतले. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक शेतकरी हक्क कायदा करून ११ महिन्यांच्या कराराची सोय केली. मालकी हक्काला धक्का नाही, पण कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि मदत. नीती आयोगाने २०१६ मध्येच जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा दिला होता. महाराष्ट्रातल्या बटईदाराला असे संरक्षण अजून मिळालेले नाही.

आणि सर्वांत मोठा प्रश्न: हे सगळे दिल्यावर शेतकरी नफ्यात आहे का? शेतकरी संघटनेचे शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले की सरकार एका हाताने सबसिडी देते आणि भाव पाडून दुसऱ्या हाताने त्याहून जास्त काढून घेते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या अभ्यासातून हेच निघाले: २००० ते २०१६ या काळात निर्यातबंद्या आणि भावनियंत्रणामुळे भारतीय शेतकऱ्यावर वर्षाला सरासरी १४ टक्के छुपा कर पडला. हिंगोलीचेच उदाहरण घ्या. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास. पाच एकरांत तीस क्विंटल पिकवणाऱ्याने माल खुल्या बाजारात विकला, तर तुटते ते साधारण २७ हजार. वर्षाचा सन्मान निधी बारा हजार. दुष्काळ-पूर धरलाच नाही, तरी हा शेतकरी उणेच.

म्हणून अनुदाने बंद करा, असा निष्कर्ष काढणे चुकीचे. भाव मिळेपर्यंत हा पैसा गरजेचाच आहे. पण तो देण्याची रीत बदलली पाहिजे. आपत्तीच्या मदतीचा दर पिकाच्या खर्चाला बांधून दर वर्षी मेमध्येच जाहीर करा. हळदीला विम्यात घ्या आणि स्थानिक आपत्तीचे कलम परत आणा. ई-पीक पाहणीत कसणाऱ्याच्या नावाचा रकाना द्या, आंध्रसारखा ११ महिन्यांचा करार करा.

यातले काही मुंबई-दिल्लीत ठरेल. एक गोष्ट मात्र गावाच्या हातात आहे. अनुदानाची प्रत्येक यादी, नाव, गट, क्षेत्र आणि रकमेसह, ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. चावडी वाचनाची रीत महसूल खात्यात जुनीच आहे. यादी वाचली गेली की बोगस नाव त्याच बैठकीत सापडते, ०.०४ चे ०.४० तिथेच होते, आणि शेत खरे कोण कसतो हे सगळ्या गावादेखत नोंदले जाते. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालण्यासाठी सरपंचांना एक अर्ज द्या. त्याला अंगठा लावायचे मशीन लागत नाही.